पंचेचाळीस दिवस

शाहूपुरीत, स्पेअर पार्टच्या दुकानावर, दुसरा मजला.
जिना इतका अरुंद
की एकानं उतरायचं तर दुसऱ्यानं भिंतीला चिकटायचं.
आर्ट्सवाल्यांसाठी दोन वर्षांचं सायन्स पंचेचाळीस दिवसांत,
नर्सिंगला जायच्या आधी.
फी म्हणजे तीन डझन कापशी जोड.
महाद्वार रोडच्या शेटनं आगाऊ पैसे दिले
आणि अण्णा तेव्हापासून
रात्री अकरापर्यंत ठोकत बसतात.

पहिल्या दिवशी पेशी. दुसऱ्या दिवशी पेशीच्या आतलं.
चौथ्या दिवशी मला मायटोकाँड्रिया लिहिता आलं,
पाचव्या दिवशी त्याचं काम विसरलं.
मी राज्यशास्त्रात ब्याऐंशी मार्क घेतलेली.
राष्ट्रपतींचे अधिकार तोंडपाठ;
स्वतःच्या पोटात यकृत कुठल्या अंगाला, पत्ता नाही.
तबस्सुम मुजावरनं बोट टेकवून दाखवलं, "हितं.
माझं आजोबा ह्येच्यानंच गेलं."

केएमटीत उभ्या उभ्या मनगटाची आठ हाडं मोजते.
सातवं बिंदू चौकात आठवतं,
आठवं स्टॉप चुकल्यावर.

बार्देस्कर मॅडम चाळीस वर्षं वॉर्डात होत्या.
खडूसुद्धा सिरिंजसारखा धरतात,
फळ्याला दुखू नये अशा बेतानं.
"ऑस्मोसिस," त्या म्हणाल्या. "मीठ पाणी ओढतं,
पडद्याच्या ह्या बाजूचं त्या बाजूला.
कुणी डोळ्यांनी बघितलंय?"
कुणी हात वर केला नाही.
मीही नाही.

पण मला आमचं सुभाषनगरातलं अंगण दिसत होतं.
आजोबा ओल्या कातड्यावर मुठीमुठीनं खडामीठ फेकतायत
आणि सकाळी त्याखाली पाण्याचं थारोळं.
बाभळीची साल. हिरडा. चुन्याचं टाकं.
आणि वास.
त्या वासापायी चौथीत
माझ्या बाकावर दुसरं कुणी बसायचं नाही.
त्याला नाव होतं तर.
पुस्तकात छापलेलं, चौकटीत,
सहा मार्कांना विचारतात असं.

अर्ध्या तासानं मी हात वर केला.
धडा पार मूत्रपिंडापर्यंत पोचला होता.
"मॅडम, ते मिठाचं... आमच्या घरी करत होते."
मागं कुणीतरी फिसकन हसलं.
मॅडमनी खडू खाली ठेवला.
"मग सांग की. ये, पुढं ये."

काय सांगितलं ते आठवत नाही.
गुडघे आठवतात.
आणि जागेवर परतल्यावर
तबस्सुमच्या वहीत माझं वाक्य,
तारखेसकट, लाल शाईनं अधोरेखित.

मे महिना पत्र्यावर तसाच बसून आहे.
पंखा फिरतो, पण गरम हवाच इकडून तिकडं करतो.
एकवीस मुली होत्या, सतरा उरल्या.
एकीचं लग्न ठरलं, दोघींना झेपलं नाही,
एकीचं कुणालाच माहीत नाही.

काल रात्री जेवताना अण्णांनी विचारलं,
"माणसाचं कातडं किती जाड असतंय गं?"
मी म्हटलं, "पापणीवर अर्धा मिलिमीटर.
टाचेवर चारेक."
"टाचेचं ठाऊक हाय मला," ते म्हणाले.
घास तसाच हातात.
मग डाव्या हाताचा अंगठा,
रापीनं चिरून चिरून निबर झालेला,
त्यांनी स्वतःच्या पापणीवर हळूच फिरवला.
"एवढं पातळ?"
मी आमटी वाढली.

उद्या आम्ल आणि अल्कली.
माझ्याकडं लाल लिटमसच्या दोन पट्ट्या उरल्यात.
मागच्या दारी चुन्याचं टाकं अजून आहे,
आजोबांनंतर कुणी वापरलं नाही,
तळाशी खपल्या, वर कोंबडीची पिसं.
सगळे झोपले की टॉर्च घेऊन जाईन,
तांब्याभर पाणी ओतीन,
आणि बघीन,
इतक्या वर्षांनी त्यात काही उरलंय का.